गल्लीभर मावसभाऊ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला मनातल्या मनात धरून घे.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे, आणि पुढच्याच ओळीत गच्चीवरची टाकी साफ करून आल्याचं लिहिलं होतंस. ही दुसरी ओळ डॉक्टरांना दाखवली नसावीस. इकडे आम्ही दोघे ठीक. माझं शिवणकाम चालू आहे, पण सुईत दोरा ओवायला आता घड्याळवाला लागतो, आणि त्याचा बारीक स्क्रू टेबलाखाली गेला की मी लागतो. स्वभाव दोघांचेही तेच. मी रुसलो (हो, अजून रुसतो) की तो जेवायला तीनदा बोलावतो, मोजून तीनदा. दोनदा मी नाही म्हणतो, तिसऱ्यांदा उठतो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याचं त्याला कळलं. माणूस ओळखणं म्हणतात ते हे.

आता मूळ गोष्ट. ती लिहायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, यावरून माझी अवस्था ओळख.

गल्लीच्या तोंडाशी वाचनालय आहे, तिथे नवीन ग्रंथपालबाई आल्या आहेत. फार नेटक्या. पुस्तकं तर सोड, खिडकीत बसणारं मांजरसुद्धा आता ठरलेल्या जागी बसतं. त्यांच्या मनात आलं की गल्लीचा इतिहास भिंतीवर मांडावा, आणि इतिहास म्हणजे आमचाच. ही गल्ली कशी भरली ते तुला माहीत आहे (किंवा नाही, त्यावर खाली येतो). पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, दाखल्यावर एक आणि आरशात दुसरंच दिसणारी माणसं, ज्यांना कुठे खोली मिळत नव्हती ती एकेक करून इथे येऊन राहिली. बाईंनी दारावर कागद लावला, 'गल्लीतील समलिंगी, पारलिंगी व इतर रहिवाशांचा इतिहास'. पहिली तक्रार सायकलवाल्याची आली. बायको आणि चार मुलांसह मी चाळीस वर्षं इथे राहतोय, मला 'इतर' का म्हणता, असं तो विचारत होता. (आमच्यापैकी कोणालाच त्याचं सांत्वन करता आलं नाही. आम्ही सगळा जन्म 'इतर'मध्येच काढला.)

तर बाईंनी आधी कोणालाही काहीही न विचारता वाचनालयाच्या सभासदांचे जुने अर्ज कपाटातून काढले. अर्जावर ओळख देणाऱ्याचं नाव आणि त्याच्याशी असलेलं नातं लिहावं लागतं. बघावं तर पुरुषांच्या अर्जामागून अर्ज, नातं एकच: मावसभाऊ. त्याचं असं आहे, की घरमालकाला जे सांगून खोली घेतली तेच सगळीकडे सांगायचं, असा गल्लीचा दंडकच होता. दोन पुरुष असले की मावसभाऊ, दोन बाया असल्या की नणंद-भावजय. बाईंनी पट्टी घेऊन सुरेख वंशवृक्ष काढला. कडेला नणंद-भावजया, वर एक मावशी, खाली एकशे बारा मावसभाऊ. मग माझ्या दुकानात येऊन त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, की एकाच घराण्यात इतके, तर हे आनुवंशिक असावं का?

हसून हसून माझ्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. मग आम्ही जुनी मंडळी वाचनालयात जमलो आणि बाईंना एकेक चौकोन समजावत बसलो. नर्स आणि शाळामास्तरीण या नणंद-भावजय. एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा, बावीस वर्षं जहाजावर होता. मास्तरीण त्याची पत्रं लिहायची आणि नर्स ती जिन्यात मोठ्याने वाचायची. पुढे घरमालक त्याला भेटायचंच म्हणून हटून बसला, तेव्हा नाइलाजाने त्याला बुडवावं लागलं. सगळी गल्ली समाचाराला गेली. घरमालक सर्वांत जास्त रडला, आणि नर्सही खरीखुरी रडली, म्हणाली, आपण उगाच मारलं गं त्याला, स्वभावाने चांगला होता. पार्लरवाली आली तेव्हा मावसभाऊ होती, तीन वर्षांनी नवा अर्ज भरला तो मावसबहीण म्हणून. बाईंनी त्या मावसभावापुढे 'निधन?' असं लिहिलं होतं. तिने पर्समधून लिपस्टिक काढली आणि ते स्वतःच्या हाताने खोडलं.

इथवर मजा होती. मग बाईंनी विचारलं, हे मावसभावाचं पहिल्यांदा सुचलं कोणाला? झालं. केशकर्तनवाला म्हणाला मला. नर्स म्हणाली तू तर माझ्याकडून शिकलास. दोघांची अशी जुंपली की मांजर जागा सोडून गेलं. मी फरशी बघत होतो आणि घड्याळवाला माझ्याकडे. कारण आम्हा दोघांनाच खरं माहीत होतं.

ताई, ते तुला सुचलं.

छत्तीस वर्षं झाली. आम्ही खोलीत येऊन तिसराच दिवस. तू डबा घेऊन आलीस आणि जिन्यात घरमालकाने विचारलं, ते दुसरे गृहस्थ कोण? मी पायऱ्या मोजू लागलो. तू डबा या हातातून त्या हातात घेतलास आणि म्हणालीस, "आमच्या मावशीचा मुलगा." आपल्या आईला बहीण नव्हती, ताई. खालच्या खोलीतल्या केशकर्तनवाल्याने ते दाराआडून ऐकलं, आठवड्याभरात स्वतःसाठी वापरलं, आणि मग ते गल्लीभर झालं. तुझ्या त्या एका वाक्यावर एकशे बारा माणसांनी संसार केले.

त्यानंतर तू आणि मी त्यावर एक अक्षर बोललो नाही. दर पत्राच्या शेवटी तू 'मावसभावाला नमस्कार' लिहितेस. ती थट्टा असते, की आता तुलाही ते खरं वाटायला लागलंय, हे मला कधी कळलं नाही. विचारायची भीती वाटत होती. तू सहज बोलून गेली असशील, मी विचारल्यावर तुला उमगेल, आणि पत्रं बंद होतील. तुझ्या पत्रांवाचून मला राहता येत नाही, हे एकदा लिहून टाकतो.

बाकी सर्व क्षेम. टाकीवर चढू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. एवढं लांबण लावलं ते अशासाठी: दोन रविवारांनी भिंत सर्वांना खुली होणार आहे. वरचा मावशीचा चौकोन रिकामा आहे. खरं सांगितलं तर तुझ्या घरचे वाचतील, तुला चार लोक विचारतील. तू नको म्हणालीस तर श्रेय केशकर्तनवाल्याला देऊन टाकू, तो हरखून जाईल. पण घड्याळवाला मला म्हणतो, एकदा तरी कोणाचाही मावसभाऊ न होता तुझ्या शेजारी उभं राहायचंय. तेव्हा मनाचा हिय्या करून विचारतो. त्या दिवशी जिन्यात तुला कळलं होतं का?

ता. क. दुसरा. वरचा प्रश्न रद्द. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी घड्याळवाल्याला वाचायला दिलं. त्याने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि म्हणाला, ताईंना काय विचारतोस, त्यांनी त्याच दिवशी जाताना डबा माझ्या हातात देऊन सांगितलं होतं, "हा रुसला की जेवत नाही. तीनदा विचारा. दोनदा नाही म्हणेल, तिसऱ्यांदा उठेल." छत्तीस वर्षं मी याला मनकवडा समजत होतो. आता दोघांवरही रुसलो आहे. त्याचं एकदा विचारून झालंय.

ता. क. शेवटचा. मावशीच्या चौकोनात मी शाईने 'ताई' लिहून आलो आहे. खोडायचं असेल तर स्वतः येऊन खोड. वाचनालय तळमजल्यावर आहे, एकही जिना नाही.