श्रीधरदादा, कुमुदवहिनी आणि तू

प्रिय ताई,

'प्रिय' लिहावं की नाही, यावर सकाळपासून माझं अडलं होतं. शेवटी लिहिलं, कारण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिही गुमान! लय नखरे करू नको."

तुला जाऊन साडेतीन महिने झाले. तेरवीपर्यंत मी जितकी रडले, तितकी आई गेली तेव्हाही रडले नव्हते. ते रडणं मला परत पाहिजे, ताई! देशील? नाही ना? मग निदान हे ऐकून घे, आणि मधे बोलू नकोस. एवढी एक सोय आता झाली आहे.

आज भाऊबीज आहे. गेल्या वर्षीपर्यंत आपण दोघी आज दिवेलागणीला गच्चीवर जायचो. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळायचो, आणि ताट खाली ठेवताना तू हळूच म्हणायचीस, "श्रीधरदादा, सुखी राहा रे. वहिनीले सांभाळ." पन्नाशीला आलेल्या दोन बायका, आणि त्यांचा भाऊ कोण? तर एका जुन्या साप्ताहिकातल्या कादंबरीतला माणूस! बाहेर कळलं असतं तर आपलं अख्खं रिसोड गाव हसलं असतं. आज मी ताट केलं नाही. हात रिकामे राहिले म्हणून लिहायला बसले.

हे दादा-वहिनी आपल्याकडे आले कसे, आठवतं तुला? जऊळक्याला स्टेशनजवळ बाबांचं किराणा दुकान. वाशीमहून रद्दीचे गठ्ठे यायचे, आणि शाळेतून आलं की आपण ओसरीत बसून दुकानासाठी कागदी पिशव्या चिकटवायचो. तू कापायचीस, मी मैद्याची खळ लावायचे. एका गठ्ठ्यात त्या साप्ताहिकाचे बरेच अंक निघाले. सुरुवातीचे नव्हतेच, आणि होते त्यांचीही वरची पानं फाटलेली, त्यामुळे त्या कादंबरीचं नावसुद्धा आपल्याला कधी कळलं नाही. पण कुमुदचा हात मोडून प्लास्टरमध्ये आहे आणि श्रीधर तिची वेणी घालतो आहे, हे पान तू मोठ्यानं वाचलंस. वेणी वाकडी झाली. आणि ती बाई तीच वाकडी वेणी मिरवत शेजारच्या बारशाला गेली! खळ वाळून चालली तरी आपलं लक्ष नव्हतं. आई आतून ओरडली, "पोरीहो, पिशव्या करून राह्यल्या का वाचून राह्यल्या?"

त्याच दिवशी तू नियम केलास. दादा-वहिनीच्या पानाची पिशवी करायची नाही.

"आपल्याले भाऊ नाही," तू म्हणालीस. "हाच आपला भाऊ. आन् भावाच्या अंगात कोनी हळद-मिरची बांधते काय?"

ती पानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली आणि ते दोघं आपल्या घरचे झाले. बाबा आईवर खेकसले की तू माझ्या कानात सांगायचीस, दादा वहिनीशी असं बोलला नसता. पोळा आला की वहिनी किती पुरणपोळ्या करत असेल याचा हिशेब व्हायचा. मला दहावीला गणितात कमी मार्क पडले तेव्हा तू दादाच्या वतीनं मला रागावलीस, आणि लगेच वहिनीच्या वतीनं जवळ घेतलंस. माझ्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला सख्खा भाऊ नव्हता, चुलतभाऊ पुढे झाला. तू मागून पुटपुटलीस, "जोरानं पिळ, दादाकडूनही." केवढी हसले होते मी! मुंडावळ्या सरकल्या होत्या.

ते लग्नही तूच जमवलंस. तुझ्याच धाकट्या दिराशी. "दोघी एका घरात राहू, माहेर संगंच येईन," असं म्हणून आईला तू राजी केलंस. मीही खूष होते. बहीण जाऊ झाली की आणखी काय हवं?

रद्दीतली कादंबरी मात्र अर्ध्यावर थांबली होती. श्रीधरदादा लांब कुठं धरणाच्या कामावर जातो, त्याची पत्रं येणं बंद होतं आणि वहिनी अंगण झाडत राहते. पुढचे अंक त्या गठ्ठ्यात नव्हते. मग शेवट आपणच करायचो. तुझ्या शेवटात तो बैलगाडीनं यायचा, माझ्या शेवटात रेल्वेनं, कारण आपलं स्टेशन होतं ना! तो येणार की नाही, हा प्रश्नच कधी कुणी काढला नाही.

आणि मग माझेच हे, प्रकाश, पुण्याकडे कंपनीत गेले. आधी रोज फोन, मग आठवड्यानं, मग दिवाळीला. तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या एका माणसानं येऊन सांगितलं, त्यांनी तिकडे दुसरी बाई ठेवली आहे, एक मूलही आहे. तू त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाहीस. मला वाटलं, माझ्यासाठी रागावलीस.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. माझी शाळेतली मैत्रीण वाशीमला मुलींच्या वसतिगृहात कामाला होती. तिथं स्वयंपाकाची जागा निघाली, राहायला खोलीसकट. मी होकार कळवला. चार लुगडी, दोन चादरी पिशवीत भरल्या. तुझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी जाणार हे तुला माहीत होतं, आणि तू काही बोलत नव्हतीस.

मी निघायच्या आदल्या दिवशी तू दम्याच्या औषधासाठी वाशीमला गेलीस. दुपारच्या एसटीनं आलीस ती धापा टाकत. उंबऱ्यावरच बसलीस.

"शोभे, सापडलं! तिथल्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवले हायेत. शेवटचा भाग वाचून आली मी!"

माझ्या हातातला तांब्या पडला. "मंग? काय झालं वं?"

"आला ना दादा! वहिनी वाट पाहून राह्यली होती. पाय धुवाले पानी देल्लं तिनं, आन् दोघंही रडले." तू माझा हात धरलास. "थांबली म्हनून भेटला, शोभे."

डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. खरं पाणी! ते कुठून आणलं होतंस गं?

मी पिशवी रिकामी केली. लुगडी पुन्हा कपाटात ठेवली. मैत्रिणीला कळवलं की मी येत नाही, माझे हे परत येणार आहेत. ती म्हणाली, "कोनी सांगतलं तुले?" मला वाटलं, तिला काय कळणार! तिला कुठे अशी वहिनी आहे!

चौदा वर्षं, ताई. चौदा वर्षं मी या घरात पोळ्या लाटल्या, तुझ्या अमोलला वाढवलं, तुला धाप लागली की पाठ चोळली. बाहेर रिक्षा थांबली की दाराकडे बघितलं. दर भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळलंस आणि मला म्हणालीस, "पाह्य, दादा आला तसा प्रकाशही येईन." दर वर्षी म्हणालीस! एखाद्या वर्षी तरी जीभ अडखळायची होती.

दहाव्याचं तुला सांगायलाच हवं. पिंडाला कावळा शिवेना. सगळे उन्हात उभे. भाऊजी म्हणाले, अमोलचं लग्न धुमधडाक्यात करीन. कावळा फांदीवरच. अमोल म्हणाला, बाबांना अंतर देणार नाही. तरी नाही. मग मीच पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, मी हे घर सोडून जानार नाही." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा शिवला. बायका म्हणाल्या, बघा, बहिणीत किती जीव! मलाही तेव्हा अभिमान वाटला. आता वाटतं, मेल्यावरही तुला तेच हवं होतं?

मागच्या आठवड्यात भाऊजींना तुझे दवाखान्याचे कागद लागले, कसल्याशा अर्जाला जोडायला. खिळ्यावरची तुझी ती पिशवी मी काढली. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची, तूच चिकटवलेली. त्यात तुझ्या चिठ्ठ्या, तपासण्या, सगळं. पावसाळ्यात भिंत ओलावली होती, पिशवीची खळ सुटली आणि तळ उघडला. कॅलेंडरच्या आत दुसरे कागद होते, छापील बाजू आत करून चिकटवलेले. आणि मला दिसलं, 'कुमुद'.

तू दादा-वहिनीच्या पानाची पिशवी केलीस, ताई! तू!

मी परातीत पाणी घेऊन ती पानं सोडवली. वाचनालयाचा शिक्काही होता. म्हणजे बांधलेल्या अंकांतून फाडून आणलीस. दुसऱ्याच्या पुस्तकाचं पान दुमडलं तरी तू लोकांना बोलायचीस.

आणि शेवट काय होता? तुला पाठ असेल, पण मी पहिल्यांदा वाचला, म्हणून लिहिते. वहिनी एक वर्ष थांबते. मग दुसऱ्या गावी बालवाडीत नोकरी धरते. घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते आणि जाते. दादा येतो, खरंच येतो, पण कुलूप बघून पायरीवर बसतो. शेजारीण किल्ली देते. तो विचारतो, काही निरोप? ती म्हणते, नाही. संपलं.

कुमुदवहिनी निघून गेली होती, आणि मी तिच्या नावानं वाट बघत बसले होते! दवाखान्यात तुला नेताना ती पिशवी कोण धरायचं? मी! वाशीमच्या गाडीत, तुझं डोकं माझ्या खांद्यावर आणि तो शेवट माझ्या मांडीवर. किती खेपा झाल्या असतील? तुला एकदाही भीती वाटली नाही? की मी उघडून बघणार नाही, एवढा भरवसा होता?

मी पानं वाळवली आणि भाऊजींसमोर ठेवली. "तुमाले हे माहीत होतं काय?"

त्यांनी वरचं पान उचलून शिक्का बघितला. मग म्हणाले, "होतं. म्या म्हटलं तिले, सांगून टाक. तं म्हने, सांगतलं तं शोभी जाईन. मंग मी या घरात कोनाशी बोलू?"

"आन् तुमी काहून नाही सांगतलं?"

"तू गेली असती तं तिची धाप कोनी पाह्यली असती?" असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

तुला करमणार नाही म्हणून, ताई? एवढंच होतं तर मला सांगायचं होतं. "शोभे, जाऊ नको, तुझ्याबिगर मले गमत नाही," असं म्हणाली असतीस तर मी थांबले असते. शपथ! रागावले असते, दोन दिवस जेवले नसते, पण थांबले असते. तुझ्यासाठी म्हणून थांबले असते आणि नवऱ्याचा नाद तिथंच सोडला असता. तू मला मागितलंच नाहीस. आपल्या भावाला खोटी साक्ष द्यायला उभं केलंस आणि मला ठेवून घेतलंस. याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. चौदा वर्षांचा नाही येत तितका येतो.

आणि जाळली का नाहीस ती पानं? चूल होती, काडेपेटी होती. कधीतरी मला सापडावीत असं वाटत होतं का? असेल तर मी इथं असताना, तू समोर असताना सापडायला हवी होती. मी भांडले असते. तू रडली असतीस. संध्याकाळी दोघींनी मिळून पिठलं-भाकरी केली असती. तेही तू ठेवलं नाहीस. आता मी भांडू कोणाशी? फोटोशी? फोटोला तर हार घातलाय, आणि तो मीच रोज बदलते.

पुढचं ऐक. अमोल भाऊजींना अमरावतीला घेऊन चाललाय. काल मला म्हणाला, "मावशी, तू इथंच राह्य. घर राखाले कोनी पाह्यजे ना." पोरगं वाईट नाही गं, तुझंच आहे. धनत्रयोदशीच्या आधी मी वाशीमला जाऊन आले होते, ते त्याला माहीत नव्हतं. माझी मैत्रीण आता तिथं मोठ्या पदावर आहे. मला बघून आधी ओळखेना, मग म्हणाली, "आली काय शेवटी?" जागा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मुली येतील, त्यांच्या आधी दोन दिवस मी जाणार. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! गुडघे कुरकुरतात, पण साठ मुलींच्या पोळ्या मी अजून लाटू शकते.

आज सकाळी अमोलला आणि भाऊजींना सांगितलं. भाऊजी एवढंच म्हणाले, "दहाव्याले शब्द देल्ला होता तू." मी म्हटलं, "खोट्यावर देल्ला होता, भाऊजी. मोडते." आणि शब्द मोडला. कुमुदवहिनी निरोप न ठेवता गेली, मी तशी जात नाही. तुला चार पानं लिहून जाते आहे.

माफ केलं का, ते विचारू नकोस. मला माहीत नाही. परवा कढईत फोडणी टाकली, ठसका लागला आणि मी आतूनच ओरडले, "ताई, खिडकी उघड वं!" मग गॅस बंद करून तिथंच खाली बसले. इतकी चीड असून तुझीच हाक तोंडात येते, याचं काय करू सांग!

एक वचन मात्र देते, आणि हे खऱ्यावर देते. तुझ्या वर्षश्राद्धाला अमोल-भाऊजी अमरावतीहून इथं येतील, तेव्हा मीही येईन. सकाळच्या पहिल्या गाडीनं. खीर, वडे, कढी, सगळं मीच करीन. दुसऱ्या कुणाच्या हातची कढी तुला चालत नाही हे मला ठाऊक आहे. पंगत उठली, भांडी घासून झाली, की चारच्या गाडीनं मी निघेन. अमोल थांब म्हणेल, भाऊजी म्हणतील, शेजारच्या बायका हात धरतील, अंथरूण घालून ठेवतील. मी त्यांना सांगेन, मी पाहुणी आले होते.

तुझी,
शोभा