सात नंबरचं टेबल

पासिर रिस,
बुधवार, ९ जुलै २०२५

प्रिय सौमित्र,

तुला आणि ऋताला आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढे राग आहे आणि रागाच्या भरात राहून जातील. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. परवा तपासणीला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेले होते तेव्हा ऋता भेटली. ड्यूटीच्या गडबडीत होती, तरी थांबली. तुझा विषय काढला तर म्हणाली, "ताई, त्यालाच विचारा ना." म्हणून विचारते आहे. व्हॉट्सॲपवर विचारून झालं. तिथे तू मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस.

जूनमध्ये आपलं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन झालं आणि तू आला नाहीस. कोविडनंतर हॉल पुन्हा मिळायला लागल्यापासून तीन प्रदर्शनं झाली. तिन्हींना तुझा पत्ता नाही.

आठवतंय का, कम्युनिटी क्लबच्या त्याच हॉलमध्ये विक्रेत्यांची बावीस टेबलं लागायची. दाराजवळच्या जागेवरून मोठी मोठी माणसं भांडायची आणि ती भांडणं मी मिटवायचे, कारण टेबलांची यादी माझ्याकडे. यंदा किती विक्रेते आले सांगू? एक. मिस्टर टॅन. डिंक, रंग, प्लास्टिकची झाडं आणि जुनी दोन-तीन इंजिनं घेऊन. बाकीचा हॉल ओकाबोका दिसू नये म्हणून समितीने बोलावलं कोणाला, तर एक इन्शुरन्सवाला, एक ट्यूशन सेंटर आणि मोबाइलची कव्हरं विकणारी एक बाई. इन्शुरन्सवाल्याने मला बॉलपेन दिलं. त्यानेच हे लिहिते आहे आणि तेही धड उठत नाही.

माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. तुम्हा विक्रेत्यांना झालंय काय? घरी बसायचं, इंजिनाचा फोटो वेबसाइटवर टाकायचा, कुरियरवाल्याच्या हातात खोकं द्यायचं, संपलं. इंजिनाचं वजन फोटोत कळतं? वळणावर ते अडखळतं का, हे फोटोत दिसतं? इंजिन आधी हातात घ्या, मग रुळावर ठेवा, मग बोला, हे तूच मला शिकवलंस ना? पंधरा वर्षांपूर्वी मी बँकेतून थकून आलेली एक बाई, चुकून त्या हॉलमध्ये शिरले. तू तळहाताएवढं वाफेचं इंजिन माझ्या हातावर ठेवलंस. मी म्हटलं, मी नुसतं बघतेय. तू म्हणालास, "बघा ना, ताई. बघता बघताच लागतं हे वेड." आता नवीन आलेल्या माणसाच्या हातावर इंजिन कोण ठेवणार? इन्शुरन्सवाला?

असो. मागच्या आठवड्याच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं बोलून मोकळी झाले. विक्रेत्यांना निष्ठा नाही म्हणाले. पाठीत खंजीर वगैरेही म्हणाले बहुतेक. शेवटी ठराव मांडला की सलग तीन प्रदर्शनं न आलेल्याचं नाव यादीतून कायमचं काढावं. एकमताने पास झाला. कळवायची पत्रं अर्थात सेक्रेटरीने, म्हणजे मीच लिहायची. यादीत उरलेल्यांची पत्रं अकरा. दहा लिहून पाकिटात घातली. अकरावं तुझं. इंग्रजीत 'डिअर सर' लिहिलं आणि हात थांबला. तुला सर म्हणून कसं चालेल? तो कागद फाडला आणि हा घेतला.

आता जे सभेत सांगितलं नाही ते.

प्रदर्शनात एक गृहस्थ मिस्टर टॅनच्या टेबलाशी आले. अर्धा तास एक इंजिन हाताळलं, त्यांना दहा प्रश्न विचारले, मग डब्यावरच्या नंबरचा फोटो काढला आणि त्यांच्यादेखतच बायकोला म्हणाले, "ऑनलाइन चीपर, लाह." मी तिथेच होते. मला राहवेना. म्हटलं, या माणसाचा वेळ फुकटचा आहे का, थोडी तरी लाज बाळगा. ते गृहस्थ चिडले नाहीत. उलट हसून म्हणाले, "आंटी, यू नेव्हर बाय ऑनलाइन मेह?" मी कधीच ऑनलाइन घेत नाही का, म्हणे.

सौमित्र, माझ्या तोंडाला समिती घाबरते. पण त्या हसण्यापुढे मी दोन पावलं मागे सरकले. मिस्टर टॅन मान खाली घालून डिंकाच्या बाटल्या सरळ करत बसले. आणि मला तू आठवलास. खरं सांगायचं तर तुला मी विसरलेच नव्हते. गेली सहा वर्षं मी कोविडवर, वेबसाइटवर आणि तुम्हा सगळ्यांवर एवढी ओरडते आहे, ती तुझी आठवण दाबायलाच.

२०१८चं प्रदर्शन. मला ते काळं इंजिन हवं होतं. तू ते चारदा रुळावर चालवून दाखवलंस. मी म्हटलं, अजून अवघड वळण लाव, तर तू गुडघ्यावर बसून रूळ नव्याने जोडलेस. मग म्हणालास, "ताई, दोन मिनिटं टेबल बघाल? तुमच्यासाठी कोपी आणतो." तू गेलास. मी तुझ्या खुर्चीत बसले, फोन काढला, डब्यावरचा नंबर टाकला आणि ते इंजिन परदेशातल्या साइटवरून मागवलं. तुझ्या टेबलावर, तुझ्या खुर्चीत बसून. फरक किती पडला? हॉकर सेंटरवरच्या दोन वेळच्या स्वस्त जेवणाचा. तू परत आलास. कमी साखरेची कडक कॉफी आणली होतीस, मला लागते तशी. मी ती प्यायले आणि म्हटलं, विचार करून सांगते.

इथवरही ठीक होतं असं मी स्वतःला समजावलं असतं. पण इंजिन आलं ते अडखळतच. ते दुरुस्त करून मागायला मी जाणार कुठे? पुढच्या वर्षी प्रदर्शनात निर्लज्जासारखं ते तुझ्यासमोरच ठेवलं. तू डबा उघडलास. इंजिनाखाली त्या साइटची पावती होती. ती काढून टाकायचं मला सुचलं नव्हतं. तू ती वाचलीस. तिच्यावर तारीख होती, आदल्या वर्षीच्या आपल्या प्रदर्शनाची. वेळसुद्धा होती. मी बघत होते. तू पावतीची चार घड्यांची घडी केलीस, परत जागेवर ठेवलीस, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलंस आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलास. वीस मिनिटांनी म्हणालास, "ताई, गिअर नीट बसला नव्हता. आता कुरकुर करणार नाही." पैसे घेतले नाहीस. पावतीवरून बोलला असतास, चारचौघांत माझी लाज काढली असतीस तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. तू त्यानंतर कधी टेबल मागितलं नाहीस.

इतर दहा जण का येत नाहीत ते मला माहीत नाही. कदाचित त्यांच्याकडेही कोणीतरी खुर्चीत बसून गेलं असेल. तू का येत नाहीस ते मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तरी तुझं नाव खोडायचा ठराव मी मांडला. याचा मला जेवढा संताप येतो तेवढा त्या इन्शुरन्सवाल्याचाही आला नव्हता.

शनिवारी सभा आहे. दहा पाकिटं मी टाकलेली नाहीत, टाकणारही नाही. ठराव मागे घेते, आणि का घेते तेही सगळ्यांसमोर, हे इंजिन टेबलावर ठेवून सांगणार आहे. पावती अजून त्याच डब्यात आहे, तू घातलेल्या घडीत. इंजिन मात्र तेव्हापासून एकदाही अडखळलं नाही.

पुढच्या जूनच्या यादीत तुझं जुनं सात नंबरचं टेबल तुझ्या नावावर लिहिलंय. आला नाहीस तर रिकामं राहील, तिथे मी कोणालाही बसू देणार नाही. आलास तर कोपी मी आणेन. तू टेबल सोडून उठायचं नाहीस.

तुझ्या खुर्चीत बसलेली,
नंदाताई