दोन बोटांच्या टोप्या

कारेगाव, ता. शिरूर
१६ जानेवारी २००४

ती. हरिबामामांच्या चरणी माऊलीचं डोकं. (कागदावरच टेकवतो, समोर यायला तोंड न्हाई.) इकडं सगळी खुशाली हाय असं लिहायची रीत हाय, पण खुशाली न्हाई, नुसती तब्येत बरी हाय. मामीचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का? रविवारी तुम्ही इथनं राहूला घरी कवा पोचला, जेवला का उपाशीच निजला, हे इचारायची माझी लायकी न्हाई, तरी इचारतो.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आमच्या खोलीत कंपनीतली तिघं ऱ्हातो. त्यातल्या रुद्रकडं इलेक्ट्रिक गिटार हाय (भिंतीत वायर खुपसल्याबिगर ती तोंड उघडत न्हाई). सुट्टीच्या दिवशी आमचा एकच वाद: रॉक गिटारवाल्यांत सगळ्यात थोर कोण, नवीन कुणी काढलं आन् कुणाचं बघून बाकीचे शिकले. सोसायटीच्या इलेक्शनला दोन पॅनलवाले भांडत न्हाईत एवढं आम्ही भांडतो, आन् उमेदवार सगळे साता समुद्रापलीकडचे. पृथ्वीराज म्हणतो चक बेरी, कारण पहिली वाट त्यानं पाडली, बाकीचे मागनं चालले. रुद्र म्हणतो जिमी हेंड्रिक्स. हा गडी डावरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. (आपल्याकडं डाव्या हातानं भाकरी मोडली की आजी थापड ठेवून द्यायची. तिकडं थोर झाला.)

माझा उमेदवार टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आन् मशीनमधी दोन बोटांची टोकं गेली. गड्यानं साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, आन् असा जड आवाज काढला की पुढं किती जणांनी तोच गिरवला. मी सोता पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला, त्यामुळं हे सांगताना मला भरून येतं. रविवारीबी मी उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होतो, "ज्याची बोटं तुटली पण कला सुटली न्हाई, तोच खरा!" आन् नेमके तवाच दारात तुम्ही.

धोतर, घोंगडं, खांद्याला शिरूरहून नवं कातड्याचं पान चढवून आणलेला ढोल, हातात संक्रांतीसाठी गुऱ्हाळावरचा गूळ. आन् चारा कापायच्या कडबाकुट्टीत टोकं गेलेल्या त्या दोन बोटांवर सायकलच्या ट्यूबच्या टोप्या, ढोल वाजवायला तुम्हीच कापून दोऱ्यानं बांधलेल्या. पृथ्वीराजनं इचारलं, कोण रे हे? आन् ज्यांच्या मांडीवर माझं जावळ निघालं, त्यांच्याकडं बघून मी म्हणालो, "गाववाला हाय." मामा, माझं गाव मांडवगण, तुमचं राहू. खोटं बोलायला गेलो ते बी धड जमलं न्हाई.

तुम्ही म्हणालात, "व्हय, गाववालाच." गूळ उंबऱ्यावर ठेवला आन् चहाबी न घेता एस्टीला गेलात. त्यापरीस कानाखाली दोन ओढल्या असत्या तर बरं झालं असतं. तवा तुमच्या धोतराची लाज वाटली, आता त्या लाजेची लाज वाटती. तुम्ही गेल्यावर रुद्रनं आधी गूळ खाल्ला, मग म्हणाला, "त्या गाववाल्याच्या बोटांवर टोप्या होत्या, बघितल्यास का? तुझा आयोमी दारातनं परत गेला की रं!"

चुकलो मामा. पदरात घ्या.

तुमचा भाचा (अजून म्हणू देत असाल तर),
माऊली

ता. क. सव्वीस जानेवारीला कंपनीत कार्यक्रम हाय. रुद्र म्हणतो, गिटारीसंगं तो ढोल पायजेच, न्हाईतर मी स्टेजवर चढत न्हाई. मी "आणतो" म्हणून बसलोय. पत्र काय त्यासाठी लिहिलं न्हाई. (थोडं त्यासाठीच लिहिलं.)

आणखी ता. क. तुम्ही माझे मामा, हे पोरांना सांगायला अजून माझी जीभ रेटली न्हाई. म्हणून पाकीट न चिकटवता रुद्रकडं देतोय, पेटीत टाक म्हणून. दुसऱ्याचं पत्र वाचल्याबिगर त्याला चैन पडत न्हाई. त्याची ही खोड आज माझ्या कामाला येईल.

मामा, या ओळी रुद्रच्या हातच्या. वाचलं सगळं. सव्वीसला नक्की या. गूळ फार छान होता. एस्टी स्टँडपासून ढोल डोक्यावर घेऊन यायला माणसाची सोय केली आहे. आमच्याकडे एक गाववाला आहे.