नुसत्या साबणाने गेलेला डाग

८ फेब्रुवारी, रविवार
ह्यांची डांगरी एका पाण्यात साफ! बावीस वर्षं वर्कशॉपचं ग्रीस काढतेय मी. आधी रॉकेलचा बोळा, मग ब्रश, मग मनगटं भरून येईपर्यंत घासायचं — तरी दोरीवर घातली की गुडघ्यांवर डाग दिसतोच. आज नुसता साबण लावला आणि सगळं निघालं. उन्हात नव्यासारखी दिसत होती. जाऊ दे, आयतं सुख मिळालंय तर कुरकुर कशाला!

१५ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा तेच. आणि वास — बुटांच्या पॉलिशचा! तीनदा हुंगली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या वहिनी त्यांच्याकडची डांगरी पिळत होत्या. त्यांचा नवरा ह्यांच्याच खात्यात. म्हटलं, तुमचं ग्रीस कसं निघतं हो हल्ली? "कसलं निघतंय! रॉकेलशिवाय हलत नाही मेलं." एवढं बोलून घाईघाईने बादली उचलून गेल्या.

सासूबाईंपाशी मन मोकळं केलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? पाय मोडल्यापासून खिडकीशी पलंगावर असतात. त्यांचं अंग पुसणं, वेणी, नखं, सगळं माझ्याकडे. म्हणाल्या, "माझ्या लेकाला मी ओळखते. उगाच संशयाचं भूत मानगुटीवर बसवून घेऊ नकोस." पाठीवरून हात फिरवला. मला रडूच आलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांच्या पिशवीत काळ्या पॉलिशची डबी. आणि पायात चपला!

१७ फेब्रुवारी, मंगळवार
वहिनींना दोरीपाशीच गाठलं. आधी टाळाटाळ, मग दोरीवरचा एक एक चिमटा काढत म्हणाल्या, "तुला खरंच ठाऊक नाही? सहा जणांना काढलं. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे! रोज सकाळी सातला डबा भरून देतेय मी. संध्याकाळी "दमलो गं" म्हणून पाय पसरायचे आणि मी गरम पाणी द्यायचं. कुठे दमायचे? वाचनालयात, पेपर चाळून! नोकरी गेली ती गेली. मला सांगितलं असतं तर दोघांनी मिळून हातपाय हलवले असते. पण नाही — माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला डबी आणली!

संध्याकाळी ह्यांना जाब विचारला तेव्हा सगळं कबूल केलं. मान खाली घालून म्हणाले, "एवढं पोटात घाल. आईला मात्र कळू देऊ नकोस. हाय खाईल ती."

असा संताप आला की बोलायची सोय नाही. तरी हो म्हटलं. त्या म्हातारीचा काय दोष?

१८ फेब्रुवारी, बुधवार
सासूबाईंची नखं कापायला बसले. उजव्या हाताच्या तीन नखांत काळं. त्यांनी पटकन मूठ मिटली. पाठीवरून फिरवलेला तोच हात. मी एक एक बोट उघडलं, साबण लावला.

रॉकेल लागलं नाही.