पिवळी काच आणि नऊ रात्री

२५ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये अल्पाबेनने सगळ्यांसमोर मला विचारलं की दमयंतीबेन, तुम्हाला रात्रीचं नीट दिसतं ना. म्हणून ही वही. उद्या कोणी काहीही सांगत सुटेल. खरं काय घडलं ते माझ्याजवळ तारीखवार असलेलं बरं.

अकरा वर्षं नवरात्रात सोसायटीतल्या मुलींना सिदसर रोडच्या पार्टी प्लॉटवर गरब्याला मी नेते, मीच परत आणते, माझ्या गाडीतून. भावनगरच्या आया रात्री बारापर्यंत मुलींना सहजासहजी सोडत नाहीत. दमयंतीबेन बरोबर आहेत ना, मग जा, असं म्हणून सोडतात. बत्तीस वर्षं कन्याशाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची सहा हेडमिस्ट्रेस म्हणून. त्याचा एवढा उपयोग अजून शिल्लक आहे. आता अल्पाबेनला भाड्याची व्हॅन हवी, ड्रायव्हरसकट. सेक्रेटरीने मध्यममार्ग काढला की नऊ रात्री बघू, एकीची जरी तक्रार आली तर व्हॅन.

मला दिसतं. जे दिसत नाही त्याला कारण समोरून येणाऱ्यांचे पांढरे दिवे. लोक वरातीसारखे दिवे लावून दूध आणायला जातात. किळस आली आहे.

सायंकाळी ६.
नेहमीच्या चष्म्यावर बसणारी पिवळी क्लिप आणली. दुकानदाराने एक कार्ड दाखवलं. नुसत्या डोळ्यांनी चित्र भगभगीत, पिवळ्या काचेतून शांत. शास्त्र सरळ आहे. निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळी काच निळा अडवते, चकाकी कमी होते. मी एकोणीसशे शहात्तरची फिजिक्सची बी.एस्सी. आहे, मला कार्डाची गरज नव्हती.

माझे यजमान हसमुखभाई बँकेतून रिटायर झाल्यापासून गाठिया खातात आणि मतं देतात. क्लिप लावून ट्यूबलाइटकडे बघून म्हणाले, उजेड कमी केला की चकाकी कमी होणारच, पंखा बंद केला की वाराही कमी होतो. मी क्लिप काढून घेतली.

२६ सप्टेंबर, सोमवार. रात्री १२.५०.
पहिली रात्र. काच उत्तम. समोरचे दिवे हळदीच्या पाण्यातून पाहावेत तसे निवांत.

गाडीत चौघी. पुढे अल्पाबेनची क्रिना, वय वीस, लायसन्स आहे पण गाडीला हात लावू देत नाही. मागे हेतवी आणि मनसुखभाईंच्या जुळ्या. जाताना रिंग रोडला एक स्पीडब्रेकर आडवा आला. त्यावरचे पट्टे पुसून गेलेत. गाडी जरा उडाली. एका जुळीचं डोकं छताला लागलं आणि तिचा कपाळावरचा दागिना दुसरीच्या केसांत अडकला. वाहन चालू असताना माणसाने नीट बसावं.

महापालिकेला तक्रार करायची.

२७ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.
तक्रारीसाठी स्पीडब्रेकर बघून आले. पट्टे आहेत. पिवळेजर्द. रातोरात रंगवले. माझ्या तक्रारीची कुणकुण लागली असणार.

रात्री १२.४०.
दुसरी रात्र. गाडीत आज नवीन थेर. क्रिना पुढे बसून टाळ्या वाजवते, मागच्या तिघी साथ देतात. विचारलं तर म्हणाली, बे ताळी आणि त्रण ताळी, दोन टाळ्यांचा नि तीन टाळ्यांचा गरबा, पक्के करतोय बेन, यंदा बक्षीस आहे. ग्राउंडवर पाच हजार माणसांत वाजवायच्या त्या टाळ्या बंद गाडीत माझ्या कानाशी.

२८ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ६.
कालच्या फेरीचा विचार केला. यांच्या टाळ्यांना ठेका नाही. मध्येच एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन, एकदम तीन. आमच्या वेळी असं वाजवलं असतं तर गोलातून बाहेर काढलं असतं. टाळी पडली की रागाने माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो. काल तिन्ही स्पीडब्रेकर मात्र अलगद पार झाले. काचेची सवय होते आहे.

२९ सप्टेंबर, गुरुवार. रात्री १.
काचेची करामत लिहून ठेवते. गरब्याहून परतताना क्रिनाने दोन टाळ्या वाजवल्या, मी चिडून गाडी हळू केली, आणि समोर रस्त्याच्या मधोमध काळा वळू. रवंथ करत बसलेला. त्याला सात-आठ फुटांवर अचूक ओळखलं. पिवळ्या काचेने माणूस सावध राहतो.

रस्त्यावर ढोरं, कडेला गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि बाइकच्या चाकांत निळे दिवे लावलेले टोणगे. या शहराचा वीट आला आहे.

३० सप्टेंबर, शुक्रवार. रात्री १२.४५.
पार्टी प्लॉटवर प्रणव गांधी भेटला. डोळ्यांचा डॉक्टर. चाळिशी उलटलेला माणूस आरशांचं केडियुं, गरब्याचा तो घेरदार अंगरखा, घालून, डोक्याला पागोटं बांधून, घामाने निथळत माझ्या पाया पडला. माझा विद्यार्थी नव्हे, शेजारच्या मुलांच्या शाळेतला. पण बोर्डाच्या आधी माझ्याकडे शिकवणीला येत असे. ‘प्रकाश’ या धड्यात त्याला पन्नासपैकी एकोणीस होते.

माझी क्लिप बघून म्हणाला, बेन, ही कशाला लावलीत, ऑगस्टमध्ये मी काय सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये त्याने मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, असं सांगितलं होतं. ऑपरेशन विकायला बसलेला माणूस दुसरं काय सांगणार. मी म्हटलं, चकाकी थांबली आहे. तो म्हणाला, चकाकी बाहेर नाही बेन, तुमच्या डोळ्याच्या आतच प्रकाश फुटतो, भिंग गढूळ झालंय. काच लावून उजेड आणखी कमी करताय, अंधारात जेवढा मिळेल तेवढा डोळ्याला हवा.

प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. इयत्ता आठवी. एकोणीस मार्क उगीच नव्हते.

तो क्रिनाला काहीतरी विचारत होता. ती आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे बघत होती. मोठ्यांशी बोलायची पद्धत नाही.

१ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०.
जिन्यात अल्पाबेन क्रिनाला विचारत होती की गाडी कशी चालवतात. मी वरच्या पायरीवर होते, मुद्दाम थांबले नाही. क्रिना म्हणाली, मस्त, आम्ही टाळ्या वाजवत जातो, मजा येते. लेखी नसलं तरी हे प्रमाणपत्रच आहे.

ठरवलं: शरद पौर्णिमेला गच्चीवर दूध-पोहे खायला सगळे जमतात तेव्हा पिवळ्या काचेवर दहा मिनिटं बोलायचं. आकृतीसह. साठीच्या वरच्या सगळ्यांना क्लिप घ्यायला लावायची.

२ ऑक्टोबर, रविवार. सायंकाळी ५.
गाडीची पुढची काच व्हिनेगर आणि वर्तमानपत्राने पुसली, आतून, बाहेरून. शंभर वेळा.

काच पुसताना हे जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, तुझी गाडी आली की मला टाळ्यांवरून कळतं. वळणावर रिक्षा उभी असली तर तीन, गेटच्या बंपला एक, सविताबेनची गाय बसलेली असली तर दोन. मग खिशातून शेंगदाणे काढून खात म्हणाले, काम काच करते की टाळ्या, हे कळणार कसं.

हा प्रश्न शास्त्रीय आहे. यांनी विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उद्या काच लावायची, टाळ्या बंद.

३ ऑक्टोबर, सोमवार. रात्री ८.३०.
गाडीत बसतानाच सांगितलं की आज एकीनेही हात हलवायचा नाही. क्रिना म्हणाली, बेन, आज नको, आज आठम आहे, रस्त्यावर गर्दी असते, उद्या नक्की बंद करू. मी म्हटलं, शिस्त सोयीप्रमाणे नसते.

चौघींनी हात मांडीवर ठेवले. निघते.

४ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे ४.५०.
झोप नाही.

जाताना नीट गेलो, कारण पुढे एक बस होती आणि मी तिच्या मागे होते. परतताना बस नव्हती.

अकरा पन्नास. सिदसर रोड, ढाब्याच्या पुढे. समोरून एक डंपर पांढरे दिवे टाकत आला. काचेतून सगळं पिवळं आणि शांत झालं. चकाकी अजिबात नव्हती. रस्ताही नव्हता. क्रिना ओरडली नाही. तिने हँडब्रेक ओढला.

गाडी गचके खात थांबली तेव्हा समोर छकडो उभा होता. मोटारसायकलच्या तोंडाची ती तीन चाकांची गाडी, मागे फळी टाकलेली, फळीवर अकरा बायका. कोणाला तरी उतरवायला थांबलेला. मागचा दिवा नाही. फळीच्या कडेवर पाय सोडून बसलेल्या म्हातारीचे तळवे माझ्या बंपरला टेकले होते. तिच्या मांडीवर गरबो होता, मातीचा, भोकाभोकांचा, आत दिवा पेटलेला. धक्क्याने थोडं तेल माझ्या बॉनेटवर सांडलं.

मी उतरून छकडोवाल्याला म्हणाले की मागे दिवा लावता येत नाही का. त्याच्याऐवजी म्हातारी बोलली. आवाज न चढवता. म्हणाली, लाल दिवा नाही म्हणून तर हा मांडीवर धरून बसलेय, बाई. तुला हा दिसला नाही?

पिवळी ज्योत. पिवळी काच.

तिने पाय वर घेतले, एकदा पोटऱ्या चोळल्या आणि छकडोवाल्याला म्हणाली, चाल भाई, माताजीने वाचवलं. कोणी काही मागितलं नाही. मी तिथेच उभी राहिले. मग क्रिना म्हणाली, बेन, बसा. क्लिप काढली, क्रिना मोठ्याने टाळ्या वाजवत होती, आणि वीसच्या वेगाने घर गाठलं.

सायंकाळी ७.१५.
प्रयोग करायचा तर पुरा करायचा. आमच्याच देवघरातला गरबो पॅसेजच्या टोकाला ठेवला. सगळे दिवे मालवले. बारा पावलं मागे आले.
क्लिप लावून: तिथे काहीतरी आहे, असं माहीत असल्यामुळे वाटलं.
क्लिप काढून: कापसाचा पेटलेला गोळा. भोकं नाहीत, कडा नाहीत.
हे एकाहत्तर वर्षांचे. माझ्यामागे उभं राहून म्हणाले, मला सत्तावीस भोकं दिसतात, पाठीमागची मोजायला जाऊ का.

चकाकी आतच आहे. क्लिप नसतानाही होती. एकोणीस मार्क मिळवणाऱ्याचं बरोबर आहे. स्वतःची किळस येणं म्हणजे काय हे सदुसष्टाव्या वर्षी कळतं आहे. त्या म्हातारीचे पाय आणि मागच्या सीटवरच्या तिघी डोळ्यांपुढून जात नाहीत. त्या मात्र स्वच्छ दिसतात.

प्रणवला फोन करायचं काम यांच्याकडे दिलं. मी त्याच्याशी ऑपरेशनच्या दिवशी बोलेन.

८ वाजता.
क्रिनाला बोलावून टाळ्यांचं विचारलं. तिने लपवलं नाही. एक म्हणजे बंप, दोन म्हणजे ढोर, तीन म्हणजे वाहन, दुसऱ्या रात्रीपासून. घरी कोणी सांगितलं नाही. कालचंही नाही. मी विचारलं, माझ्यासाठी एवढं कशाला. ती म्हणाली, व्हॅन आली असती तर आईने साडेदहाला परत बोलावलं असतं बेन, तुमच्या नावावर बारा मिळतात.

मला वाटलं होतं, निदान दया असेल.

मग जिना उतरून अल्पाबेनकडे गेले. मला रात्रीचं दिसत नाही, काल तुमच्या मुलीने पाच जणींना वाचवलं, असं उभ्यानेच सांगितलं. छकडोपासून सगळं सांगितलं. तिने भांडावं म्हणून थांबले. तिने दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, बसा, चहा ठेवते. भांडली असती तर बरं झालं असतं.

चहा अर्धा घेतला. आज नवमी, शेवटची रात्र. क्रिना चालवेल, मी शेजारी बसेन, वेळ बाराचीच, असं ठरलं. अल्पाबेनची हरकत नाही. व्हॅनचं पुढच्या वर्षी बघू म्हणाली. तेव्हा मी मीटिंगमध्ये व्हॅनच्या बाजूने मत देणार आहे.

शाळेचा चार्ज मी यादीशिवाय कधी दिला नाही. दोन प्रती केल्या. एक क्रिनाकडे, दुसरी ही, इथे चिकटवली.

चार्ज यादी. ४ ऑक्टोबर, रात्री ८.४०, पार्किंग.
देणार: दमयंती ह. ओझा. घेणार: क्रिना.

गाडी एक, चालू स्थितीत. बॉनेटवर तेलाचा डाग, घासून निघाला नाही.
चावी एक. दुसरी चावी हसमुखभाईंकडे, ती परत मागणार नाही.
आर.सी., विमा, पीयूसी, प्लास्टिकच्या पाकिटात.
टायरमध्ये हवा आज सकाळी भरली.
स्टेपनी आहे. जॅक सीटखाली.
वेग चाळीसच्या आत. घेणारीने मान्य केलं, हसून.
पिवळी क्लिप दिलेली नाही. कोणालाच देणार नाही.

वरील सर्व मिळाले. सही: क्रिना.
वरील सर्व दिले. सही: द. ह. ओझा. कुठे करायची तिथे क्रिनाने बोट ठेवलं.