कडीला बांधलेलं लाल फडकं

अजनी, नागपूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. वैभवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून परतलो, पण राग अजून गाडीतून उतरलेला नाही. फोनवर बोललं की माझा राग पातळ होतो, म्हणून लिहितो.

घरासमोर एवढं मोठं मैदान, आणि माझा नातू शाळेतून आल्यापासून पलंगाच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन! त्याचा आवाजसुद्धा बंद. मुका पडदा, मुकं पोरगं. मैदानात गाई चरतात आणि मुलं घरात सुकतात, याला प्रगती म्हणायचं का? आठ वर्षांचा ईशान जिना चढताना धापा टाकतो, चष्म्याचा नंबर वाढत चाललाय. जावई पार्थराव आत झोपले होते म्हणून तिथे मी आवाज चढवला नाही, तो इथे चढवतो. मोबाइल कपाटात घाल आणि कुलूप लाव. ईशान रुसेल, जेवणार नाही म्हणेल. जन्मभर मी युनियनमध्ये लोकांना संप करायला शिकवलं, पण हा एक संप तू मोडून काढ.

तुझ्या आईचे आशीर्वाद. राग कागदावर ठेव, माया तुझ्याकडे.
तुझा बाबा, उमाकांत

सेक्टर १०, भिलाई
२५ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमची आज्ञा पाळली. काय झालं ते ऐका.

ईशान आधी रुसला, मग हॉलमध्ये भिंतीवर चेंडू आपटत बसला. पार्थ नाइट करून येऊन नुकता झोपला होता. तो उठला, पुन्हा झोप लागली नाही, आणि तसाच रात्री ड्यूटीवर गेला. वितळलेल्या लोखंडाची भांडी उचलणारी क्रेन चालवतो तो. तिथे त्याचा डोळा लागला. खाली आमच्याच ब्लॉकमधले तेजरामभाऊ ड्यूटीवर होते, त्यांनी शिटी मारून मारून त्याला जागं केलं. हुक रिकामा होता, बाबा, म्हणून आज मी हे पत्र लिहून राहिली आहे. घरी आला तो बूट न काढता उंबऱ्यावरच बसला. मले झोपू दे व, एवढंच म्हणाला.

मी मोबाइल परत दिला, आवाज बंद करून. तो बंद का असतो, हे रात्र-रात्र रेल्वेचं इंजिन चालवलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. ईशानला खाली पाठवते, तर खाली एकही मूल नसतं. सगळ्याच घरांत कुणीतरी झोपलेलं आणि मुलं पडद्यापुढे. पाच मिनिटांत तो वर येऊन बेल वाजवतो.

पोराला सांभाळू की त्याच्या बापाची झोप? भाषण नको, उपाय पाठवा.

रागावले असले तरी तुमचीच,
वैभवी

अजनी, नागपूर
१ डिसेंबर २०२५

चि. वैभवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझी आई म्हणाली की तुम्हाले आता तरी थोडं ऐकू येते का. येते.

दुर्गची रेल्वे कॉलनी आठव. मी रात्रीची गाडी करून आलो की आई दाराच्या कडीला लाल फडकं बांधायची. ते दिसलं की त्या दाराशी कुणी बादलीसुद्धा आपटत नसे, आणि तुझी रवानगी शेजारच्या अंजनाबाईंच्या अंगणात. त्यांच्या दाराला फडकं असलं की त्यांची पोरं आपल्याकडे. तुम्ही पोरं आट्यापाट्या खेळायचात, आम्ही झोपायचो.

झोप ही कामगाराची मजुरी आहे आणि खेळ ही मुलाची. एकाची कापून दुसऱ्याला देणं हा अन्याय! तुमची चूक एवढीच की प्रत्येक घर आपापल्या खोलीत एकटं लढतंय. एकटं घर पडद्यापुढे हरणारच. सगळ्या बायांना गोळा कर. ज्या दाराला फडकं नाही, त्या घरच्या मोठ्यांनी खाली उतरायचं आणि खेळायचं. खुर्ची टाकून स्वतःचा मोबाइल पाहणाऱ्याला माझ्यातर्फे शिव्या घाल.

उत्तराची वाट पाहतो. लेकीपुढे हरलेला,
बाबा

सेक्टर १०, भिलाई
२२ डिसेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते, की पार्थ झोपतो! मागच्या नाइटच्या आठवड्यात रोज उन्हं उतरेपर्यंत झोपला. चेहरा परत माणसासारखा दिसतोय.

पहिल्या दिवशी कडीला फडकं पाहून तेजरामभाऊंच्या बायकोने, करिष्माने विचारलं, की निवडणूक आली का, कोणत्या पार्टीचा झेंडा आहे. समजावलं, तर संध्याकाळच्या आत तिच्याही दाराला बांधलेलं, आणि तेही तिच्या जुन्या ब्लाउजचं! आता ब्लॉकमध्ये पाच-सहा दारांना फडकी येतात-जातात. खाली मुलं पिट्ठुल, म्हणजे आपली लगोरी, खेळतात. मी धावते तेव्हा ईशान म्हणतो, मम्मी, तुमसे ना हो पाएगा. मोबाइल संध्याकाळी थोडा मागतो, पण बहुतेक वेळा तो हातात घेऊनच झोपी जातो. जिना आता न थांबता चढतो.

काल रविवारची गंमत. पार्थ फर्स्ट शिफ्ट करून दुपारी आला, तर आपल्याच दाराला फडकं! त्याला वाटलं, मी आजारी पडून झोपले. बिचाऱ्याने बूट हातात घेतले, पावलं न वाजवता जिना उतरला आणि मैदानात जाऊन बसला. पिट्ठुलला एक गडी कमीच होता, पोरांनी त्याला तसाच युनिफॉर्ममध्ये ओढला. मी करिष्माकडून परतले तेव्हा अंधार पडत होता आणि बापलेक चेंडूवरून भांडत होते.

फडकं कुणी बांधलं म्हणून विचारलं, तर ईशान सरळ म्हणाला की त्यानेच. ते दिसलं की कुणी अभ्यासाला आत बोलवत नाही ना!

दारापाशी मला मोठ्याने हसू फुटलं, तेवढ्यात कडीकडे लक्ष गेलं आणि मी चटकन तोंडावर हात ठेवला. मग आठवलं, आत कुणी झोपलेलंच नाही.

तुमचा राग आणि माया, दोन्ही आम्हांला लागतात. पाठवत राहा.
तुमची,
वैभवी