शिवेवर अडवलेली गाडी

चिखली, ४ जुलै १९६४

चि. पंजाबरावास अनेक आशीर्वाद, विशेष.

तू सुलतानपूरचा सरपंच झालास म्हणून शाळेत पेढे वाटले. लहानपणी विहिरीत सर्वांच्या शेवटी उडी घेणारा तू! मेहकरकडे पटकीची साथ पसरली असता बाहेरची गाडी गावात घेऊ नये, हा तुझा नियम योग्यच. परंतु नियम करणे हे अर्धे काम. तो लोकांना पटवणे हे उरलेले. आधी पारावर कारण समजावून सांग. मग पहिली झळ आपल्याच घराला लागू दे. आप्तांना आगाऊ निरोप मुळीच धाडू नकोस. नाहीतर लोक म्हणतील, सरपंचाने आपली माणसे सावध केली. पुढाऱ्याची मूल्ये लोक ऐकत नाहीत, पाहतात. किती सुंदर विषय आहे हा! मुख्याध्यापकाचे हे लांबण सोसून घे. आईस नमस्कार.

तुझा हितचिंतक बंधू,
शालिग्राम

सुलतानपूर, १२ जुलै

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

आपण लिहिले तसेच केले. पारावर विरोधी गटाच्या उत्तमरावांनी टोमणा मारला, की नेम गरिबाले असते बे, सरपंचाच्या घरची गाडी आली म्हंजे पाहू. ती परवा आली. आपली शालू, मेहकरहून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी. दिवस भरत आलेले. मी शिवेवर उभा, मागे अर्धे गाव. भाऊ, काऊन अडवून राह्यला, मले बसवत नाही आता, असे ती म्हणत होती. निरोप गेला असता तर ती निघालीच नसती. मी तिला रोगाचे कारण समजावले आणि बैल वळवायला लावले. उत्तमरावांनी मान खाली घातली. आई माझ्याशी बोलत नाही.

आपल्या आशीर्वादाचा भुकेला,
पंजाबराव

चिखली, १८ जुलै

चि. पंजाबरावास अनेक आशीर्वाद, विशेष.

शाबास! तुझा प्रसंग शिक्षकांच्या सभेत फळ्यावर मुद्देसूद मांडला. शालू समजूतदार आहे. पुढे हसून सांगेल. आता एक नाजूक गोष्ट. चिखलीतही रोगी आढळले आहेत. तुझी वहिनी सिंधू व बाळ यांना मंगळवारी गाडीने तुझ्याकडे पाठवीत आहे. येथे तत्त्व आणि तारतम्य यांतील भेद ध्यानात घे. लेक दुसऱ्या घरची झालेली असते. सून मात्र आपल्याच घरी येते, म्हणून ती बाहेरची नव्हे. नीट समजावलेस तर गावाला पटेल.

तुझाच,
शालिग्राम

सुलतानपूर, २४ जुलै

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

शालू गेली. परतीच्या वाटेवर, गाडीतच कळा लागून, पोटातल्या बाळासह. पटकी तिला नव्हतीच. साथीमुळे मेहकरचा निरोप उशिरा आला, त्याच दिवशी आपले पत्र मिळाले. आईने ते मोठ्याने वाचायला लावले. लेक दुसऱ्या घरची, ही ओळ पुन्हा वाच म्हणाली.

मंगळवारी आई माझ्या आधी शिवेवर गेली. वहिनी पाया पडायला उतरू लागल्या, तर उतरू नको माय, गाडी वळव, एवढेच बोलली. बाळ रडत होते. मी म्हणालो, नेम मी केला, मीच मोडतो. तर म्हणाली, तू काऊन मोडतं, आता तो माहा आहे. उत्तमरावसुद्धा हात जोडून म्हणाले, येऊ द्या हो काकी. सारे गाव विनवीत होते. ती गाडीसमोरून हलली नाही.

वहिनी व बाळ आपल्याकडे पोचले का, एवढे उलट टपाली कळवावे. आई विचारीत नाही.

आपला,
पंजाबराव